नव्यालाही जुनं होता आलं पाहिजे

‘आताच्या सिनेमात राम उरला नाही’ असं आजोबा म्हणतात आणि ‘तुमचे ते जुने सिनेमे पाच मिनिटंसुद्धा बघवत नाहीत’ असं नातू म्हणतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा वाद रंगायला आजोबांचीही गरज नसते. चाळिशीतला मामा आणि पंधरा वर्षांचा भाचा एवढे दोघं पुरतात, कारण मामाचं बालपण ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’मध्ये गेलेलं असतं. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. सिनेमाची साधनं अफाट वाढली, पण त्या जोरावर तो श्रेष्ठ झाला असं मला वाटत नाही. त्याची खरी वाढ दुसऱ्याच जागी झाली. गेम मात्र खरोखर पुढे गेले. आजचे उत्तम गेम कालच्या उत्तम गेमपेक्षा सरस आहेत, हे म्हणायला मी कचरत नाही. पण याच नव्या गेमना जुनं होण्याची संधी नाकारली जाते आहे, आणि श्रेष्ठ कोण या प्रश्नापेक्षा मला त्याची चिंता जास्त वाटते.

जुन्याची बाजू घेणाऱ्यांना एक फायदा आयता मिळतो. काळानं त्यांच्या वतीनं निवड करून ठेवलेली असते. 1936 साल म्हटलं की ‘संत तुकाराम’ आठवतो. त्या वर्षी लागून आठवड्याभरात उतरलेले सिनेमे कुणाच्या खिजगणतीतही नसतात. आजचं मात्र चांगलं, बरं, टाकाऊ असं सगळं एकदम अंगावर येतं. मग निवडक जुन्याची तुलना सरसकट नव्याशी होते आणि निकाल आधीच ठरलेला असतो. गेमच्या जगात तर या विस्मरणाचा पुरावा जमिनीतच पुरलेला सापडला. 1982 साली अटारी कंपनीनं ‘ई.टी.’ या गाजलेल्या सिनेमावरचा गेम पाच-साडेपाच आठवड्यांत तयार करून नाताळच्या बाजारात उतरवला. तो फसला, आणि त्याच्यासकट न खपलेल्या कॅसेटी पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरण्यात आल्या. 2014 साली खोदकाम करून त्या बाहेर काढल्या. पूर्वी गेम जीव ओतून बनवत आणि आता गल्ला भरायला बनवतात, असं म्हणणाऱ्यांनी हा खड्डा विसरू नये.

दुसरा समज असा की जुन्यात गोष्ट होती आणि नव्यात नुसता भपका आहे. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी जादूचे प्रयोग करत. आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केलं आणि पाण्यातलं कालियाशी युद्ध पडद्यावर दाखवलं. लोक ते पाहायला लोटले, कारण असं काही त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दिपवणं हे आपल्या सिनेमाच्या पायाभरणीतच आहे. त्यामुळे आजच्या व्हीएफएक्सला नावं ठेवताना फाळक्यांचा दाखला देता येत नाही.

मात्र दिपवणारी गोष्ट सगळ्यात आधी शिळी होते. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’मध्ये शेवटी तुकोबांना न्यायला गरुडाचं विमान येतं. आज एखादं शाळकरी पोर लॅपटॉपवर त्याहून सफाईदार विमान उडवेल. पण चित्रपट त्यामुळे तसूभरही उणा होत नाही. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो काही विमानाच्या सफाईसाठी झाला नसावा. त्यात एक प्रसंग आहे. पोर आजारी आहे, नवरा विठ्ठलात बुडालेला आहे, घरात दाणा नाही. जिजाई पोराला एका हातानं ओढत देवळात नेते, दुसऱ्या हातात वहाण घेते आणि थेट पांडुरंगाला जाब विचारते. कॅमेरा काही करामत करत नाही. गौरी या नटीच्या चेहऱ्यावर संताप आहे, पण त्या संतापात देवाशी असलेली घरोब्याची ओळखही आहे. घरातल्या बेजबाबदार माणसाला फैलावर घ्यावं तसं ती त्याला घेते. भक्तीचा एवढा मोठा चित्रपट, आणि त्यात भक्तीनं ज्या बाईचे हाल केले तिचीही बाजू पुरती मांडली जाते. नंतर नवरा वैकुंठाला निघतो आणि ती पोरांपाशी, घरात राहते. या प्रसंगात नव्या तंत्रानं काय सुधारणार? त्यात सुधारणेला जागाच नाही. म्हणून सिनेमात साल पुढे गेलं की दर्जा वर गेला, हा हिशेब मला मान्य नाही.

मग मराठी सिनेमा नव्वद वर्षांत पुढे गेलाच नाही का? गेला, आणि तो कुठे गेला हे सांगायला ‘फँड्री’ पुरेसा आहे. 2013 चा हा चित्रपट. जब्याच्या घरच्यांना गावातलं डुक्कर पकडायचं आहे. शाळेची पोरं बघताहेत, हसताहेत. जिच्यावर जब्याचा जीव जडला आहे ती मुलगीही त्यांत आहे. डुक्कर हाताशी येतं न येतं तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मग बापही थांबतो. सगळं कुटुंब थांबतं आणि डुक्कर मात्र आपल्या वाटेनं निघून जातं. पुढे ते डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू, गाडगेबाबा यांची चित्रं दिसत राहतात. कुणी एक शब्द बोलत नाही.

हा प्रसंग ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या ‘प्रभात’ कंपनीच्या काळात चित्रित करायला यंत्रांची काहीच अडचण नव्हती. माणसं, डुक्कर, शाळा, भिंत, सगळं तेव्हाही होतं. ‘प्रभात’कडे धाडसही होतं, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे त्या काळाच्या मानानं फार धीट चित्रपट आहेत. पण गावाबाहेरच्या झोपडीतून गावाकडे पाहिलं तर गाव कसं दिसतं, हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस तेव्हा कॅमेऱ्यामागे उभा नव्हता. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे तिथे उभा राहिला तेव्हा पडद्याची चौकटच हलली. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्येही तेच दिसतं. सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर लोकलनं घरी येते, स्वयंपाक करते. कॅमेरा तिला घाई करत नाही. कॅमेरे स्वस्त झाले, फिल्मचा खर्च गेला, म्हणून अशी माणसं आत येऊ शकली, हे खरं. तंत्रज्ञानाचा सिनेमावरचा मोठा उपकार मला हाच वाटतो. विमान सफाईदार झालं, त्याचं मला एवढं कौतुक नाही.

आणि एका बाबतीत आपण चक्क मागे आलो आहोत. 1937 च्या ‘कुंकू’मध्ये संगीतकार केशवराव भोळ्यांनी बाहेरचं पार्श्वसंगीत वापरलं नाही, प्रसंगातल्या वस्तूंतून, माणसांतून, रस्त्यातून जो आवाज येईल तोच कानावर पडतो. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या घरात वावरते तेव्हा प्रेक्षकानं काय वाटून घ्यायचं हे सांगायला व्हायोलिन येत नाही. आज बहुतेक सिनेमांत रडायचं कुठे, दचकायचं कुठे, हे संगीत आधीच सांगून मोकळं होतं. मला याचा राग येतो. प्रेक्षकाच्या समजुतीवरचा तो अविश्वास आहे, आणि तो नव्वद वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या चार माणसांनी दाखवला नव्हता.

गेमची गोष्ट वेगळी आहे. जुन्या गेमच्या बाजूनं एक भक्कम युक्तिवाद केला जातो: तेव्हा साधनं तुटपुंजी होती म्हणून कल्पकता फुलली. याला उदाहरणंही सुरेख आहेत. जॉर्डन मेक्नर हा तरुण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बनवत होता. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यानं त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्या हालचाली एकेक चित्र करून ॲपल टू संगणकावर उतरवल्या. राजपुत्र एवढा जिवंत झाला की संगणकाची मेमरी त्यातच संपली. शत्रू दाखवायला जागा उरेना. तेव्हा त्यानं राजपुत्राचीच चित्रं घेऊन ती किंचित सरकवून एकमेकांवर ठेवली; त्यातून एक लुकलुकती, भुतासारखी आकृती निघाली. तोच छायापुरुष. राजपुत्र आरशातून झेप घेतो तेव्हा तो बाहेर पडतो, पुढे त्याचं औषध पितो, दार लावून त्याला खाली पाडतो. शेवटी समोरासमोर गाठ पडते आणि कळतं की त्याला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. सुटका एकच: तलवार म्यान करायची आणि त्याच्यात मिसळून जायचं. मेमरी संपली म्हणून हे सुचलं, आणि सुचलं ते असं की त्याला तोड नाही.

पण यावरून तुटपुंजेपणाचीच आरती करणं मला पटत नाही. एका छायापुरुषामागे शेकडो गेम त्या तुटपुंजेपणात नुसते गुदमरले. ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून पुढची सगळी पिढी पैसे टाकून खेळायच्या मशीनवर वाढली, आणि तिथे खेळणाऱ्याला लवकर मारणं हाच धंदा होता, तो मेला की पुढचं नाणं पडे. घरी आलेल्या गेममध्येही ती खोड राहिली. तीन जीव, ते गेले की पुन्हा पहिल्यापासून. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जे यंत्र जोडलेलं असे ते बहुतेक वेळा जपानी यंत्राची नक्कल असे. त्यावरच्या ‘९९९ इन १’ कॅसेटमध्ये मोजून थोडे गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. ‘मारिओ’च्या शेवटच्या किल्ल्यापाशी पोचावं आणि लोडशेडिंग व्हावं, की दुपार पाण्यात. सेव्ह करायची सोयच नव्हती. त्या दुपारींवर माझा जीव आहे, पण त्या उणिवेला गुण म्हणायला मी तयार नाही.

आणि आजची साधनं हाताशी असताना एखाद्यानं मुद्दाम साधेपणा निवडला तर काय होतं, हेही पाहता येतं. लूकस पोप या माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला ‘पेपर्स, प्लीज’ 2013 साली आला. चित्रं ठोकळेबाज, रंग मळकट. तुम्ही आर्स्टोट्झ्का नावाच्या कल्पित हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून. काम एकच: पासपोर्ट, परवाना, तारीख, शिक्का तपासायचा आणि माणसाला आत सोडायचं किंवा परत पाठवायचं. दिवसाचा पगार किती माणसं नीट तपासली यावर. रात्री हिशेब येतो: भाडं, जेवण, शेगडी, आजारी पोराचं औषध. सगळं परवडत नाही. एके दिवशी एक माणूस येतो, कागद चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत गेले तर मारून टाकतील, म्हणते. शिक्का तुमच्या हातात. दिवसातल्या पहिल्या एक-दोन चुका नुसत्या ताकिदीवर भागतात, पुढे पगार कापला जातो. त्यामुळे बाई समोर उभी असताना तुम्ही मनात मोजायला लागता: आजची माझी चूक झाली आहे का, दया परवडेल का. सिनेमा मला असा कारकून दाखवू शकतो, त्याची कीव किंवा चीड आणू शकतो. मी स्वतः तो कारकून झालो, आणि किती सहज झालो, हे मात्र मला या खेळानंच दाखवलं. ऐंशीच्या दशकातल्या गेमना हे जमलं नाही. तेव्हा अशी चित्रं काढता येत होती; पण खेळाचा नियमच कथेचा आशय होऊ शकतो, हे कळायला त्या माध्यमाला वेळ लागला.

आणि तो लागणारच होता. 1895 साली पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंचे खेळ सुरू झाले. ‘संत तुकाराम’ त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी आला. ‘पाँग’ हा सुरुवातीच्या व्हिडिओ गेमपैकी एक, 1972 चा. त्याच्यापासून एक्केचाळीस वर्षं मोजली तर 2013 येतं, ‘पेपर्स, प्लीज’चं वर्ष. हा योगायोग आहे, नियम नव्हे. पण माध्यम वयात यायला साधारण दोन पिढ्या जातात एवढं त्यावरून म्हणता येईल. शिवाय गेम ही नुसती पाहायची वस्तू नाही, ती हातानं चालवायची असते, आणि चालवायच्या वस्तूत सुधारणा साठत जाते. 2020 च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये साठहून अधिक सोयी अशा आहेत की कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी, बोटं नीट न चालणारी माणसं तो खेळू शकतात; दृष्टिहीन खेळाडूंनी तो आवाजाच्या खुणांवर पूर्ण केला आहे. याला प्रगती नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

एक अपवाद मात्र करायलाच हवा. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोवनं ‘टेट्रिस’ ज्या संगणकावर पहिल्यांदा लिहिला त्याला चित्रं दाखवताच येत नव्हती. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढले होते. त्यानंतर रंग आले, संगीत आलं, पण खेळ जवळजवळ तोच राहिला. तो पहिल्याच फटक्यात पुरा झाला.

तर गेम पुढे गेले. आणि नेमक्या याच काळात त्यांच्या धंद्यानं जे वळण घेतलं त्यानं ही सगळी कमाई धोक्यात आणली. फुकट खेळा आणि आत गेल्यावर पदोपदी पैसे मोजा, ही तऱ्हा जुन्या नाण्याच्या मशीनचीच आहे. फक्त आता मशीन पोराच्या खिशात आहे आणि नाणं आईच्या यूपीआयवरून जातं. आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या पेट्या गेममध्ये विकणं हा जुगारच आहे असं ठरवून बेल्जियमनं 2018 साली त्यावर बंदी आणली. आपल्याकडे पालक पोरांना रागावतात आणि विषय तिथेच संपतो.

पण याहून खोल इजा वेगळी आहे. युबीसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 2014 साली आला. लोकांनी पुरे पैसे मोजून तो घेतला. 31 मार्च 2024 रोजी कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि तो गेम कुठेच चालेनासा झाला. एकट्यानं खेळायचा भागसुद्धा. डिस्क हातात आहे, पण आत काही नाही. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ तर ऑगस्ट 2024 मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांचं काम पाहायचं म्हटलं तर आता कंपनीकडून ते पाहायला मिळत नाही. जुन्या गेमचीही स्थिती फार बरी नाही: व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं 2023 साली केलेल्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के बाजारात मिळत नाहीत असं आढळलं. तरी जुना गेम निदान कॅसेटमध्ये होता. कुणाच्या तरी माळ्यावर, जुन्या बाजारात, हौशी माणसांच्या संगणकावर तो वाचला. आपल्याकडे नकली कॅसेटींतून का होईना वाचला. नवा गेम कंपनीच्या मर्जीवर जगतो.

सिनेमानं हा मार खाल्लेला आहे. ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण उपलब्ध नाही. फिल्म जळत, सडत, चांदीसाठी वितळवली जाई, आणि धंद्यातल्या लोकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर नावाच्या एका माणसानं देशभर हिंडून डबे गोळा केले, म्हणून आज फाळक्यांवर बोलायला काही तरी हातात आहे. त्यांच्यानंतरही 2003 च्या आगीत कितीतरी नायट्रेट फिल्म गेल्याच. ज्या वादात नवं जिंकलं म्हणतात तिथे जुनं पुष्कळदा हजरच नसतं. आणि उद्याच्या वादात आजचे गेम हजर नसतील. 2070 साली कुणी ‘तेव्हाचे गेम काही खास नव्हते’ म्हणालं तर त्याला खोडून काढायला दाखवणार काय?

यावर काही हालचाल सुरू आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 1992 पासून व्हिडिओ गेमची प्रत जमा करणं कायद्यानं बंधनकारक आहे, पुस्तकाची असते तशीच. कॅलिफोर्नियानं 2024 साली कायदा केला की वस्तू मालकीची होणार नसून नुसता परवाना मिळणार असेल तर विक्रेत्यानं तसं स्पष्ट सांगावं. बंद पडणारा गेम चालू स्थितीत सोडून जावा, यासाठी युरोपात सुरू झालेल्या अर्जावर 2025 मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आपल्याकडे 1954 चा कायदा पुस्तकाची प्रत सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायला लावतो. गेमचा त्यात विचार नाही, तेव्हा असण्याचं कारणही नव्हतं.

आता आहे. 2020 साली ‘राजी’ हा गेम आला, पळवून नेलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीचा. मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितलेल्या, देवादिकांची कथा आपल्या मातीतल्या नजरेनं उलगडलेली. लोकवर्गणी मागितली तेव्हा हवी तेवढी जमली नव्हती, तरी नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं तो पूर्ण केला आणि तो जगभर खेळला गेला. ही कंपनी पुण्याची. चित्रपट संग्रहालयही पुण्यातच, लॉ कॉलेज रोडवर. त्याच शहरात, ‘प्रभात’च्या जुन्या स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर, भारतीय गेमची खोली उघडायला हवी. तिथे चालता गेम, त्याचा मूळ कोड, तो ज्यावर चालतो ते यंत्र आणि सर्व्हर लागत असेल तर त्याचं सॉफ्टवेअर एवढं सगळं जमा झालं पाहिजे. विक्री चालू असेपर्यंत हक्क कंपनीकडे राहू द्या. विक्री थांबली की अभ्यासकांना आणि खेळणाऱ्यांना दार उघडं हवं. हे काम करायला एका नायरांची वाट पाहत बसू नये. 1954 च्या कायद्यात दुरुस्ती करून ते सुरू करता येईल, आणि ती मागणी सिनेमावाले आणि गेमवाले यांनी मिळून केली पाहिजे.